सायकल, होडी आणि गोदाकाठ

एखादा प्रदेश नीट पाहायचा असेल तर कोणत्या वाहनाने जावे? तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, मोटारीने किंवा रेल्वेने. पण जरा आठवून पाहा. नाशिकहून मनमाडकडे रेल्वेने जाताना खिडकीतून काय दिसते? द्राक्षांचा मळा दिसतो न दिसतो तोच मागे पडतो. विहिरीवर कोण उभे आहे, शेतात कांदा आहे की गहू, हे कळायच्या आत पुढचे स्टेशन येते. आपण पोहोचतो लवकर, पण पाहत काहीच नाही.

गेल्या वर्षी मी वर्गात एक चित्र नेले होते. चित्रात एक अरुंद कालवा होता. (ज्याला तुम्ही उर्दूत नहर म्हणता, त्याला मराठीत कालवा म्हणतात. आपल्याकडचे शेतकरी लहान कालव्याला पाट म्हणतात.) कालव्यात एक लांबट बोट उभी होती. बोटीच्या छतावर सात-आठ सायकली बांधलेल्या होत्या. काठावरच्या पायवाटेने एक आई आणि तिची दोन मुले सायकलवरून चालली होती. रस्त्यावर एकही मोटार नव्हती. मी सांगितले, "युरोपातील अनेक लोक सुट्टीत असा प्रवास करतात. दिवसा सायकलने खेडी पाहतात आणि रात्री बोटीत झोपतात. बोट हेच त्यांचे फिरते घर."

सगळे चित्राकडे पाहत राहिले. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती पूर्वी सायकलने शाळेत येत असे. एके दिवशी द्वारकेजवळ एक ट्रक तिच्या अगदी जवळून गेला. ती पडली, हात खरचटला. सुदैवाने अधिक काही झाले नाही. पण त्या दिवसापासून तिच्या अब्बांनी सायकल घरात ठेवून दिली. आता ती रिक्षाने येते. तिने विचारले, "सर, असा रस्ता तिथे आहे, मग आपल्याकडे का नाही?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. हा पाठ म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

सायकल आणि होडी यांची मैत्री

सायकल जमिनीवर चालते आणि होडी पाण्यावर. तरी या दोघींची एक आवड सारखी आहे. दोघींनाही चढ नको असतो. चढावर सायकलस्वाराचा दम निघतो. होडीला तर चढ चढताच येत नाही, कारण साठलेले पाणी नेहमी सपाट असते. म्हणून जिथे होडी सुखाने जाते, तिथे काठावरून सायकलही सुखाने जाते.

युरोपात रेल्वे येण्यापूर्वी जड माल नेण्यासाठी कालवे खोदले गेले. फ्रान्समधील 'कॅनाल दु मिदी' हा त्यांपैकी एक प्रसिद्ध कालवा. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने त्याची योजना केली. १६६६ मध्ये काम सुरू झाले आणि १६८१ मध्ये कालवा खुला झाला. त्याच काळात, म्हणजे १६७४ मध्ये, आपल्याकडे रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. हा कालवा सुमारे २४० किलोमीटर लांब आहे. रिकेने आयुष्याची अनेक वर्षे आणि स्वतःचा पैसा त्यात घातला. पण कालवा पूर्ण होण्याच्या काही महिने आधीच त्याचा मृत्यू झाला.

आता तुम्ही विचाराल, वाटेत टेकडी आली तर होडी वर कशी जाते? त्यासाठी जलपाश बांधतात. जलपाश म्हणजे पाण्याची पायरी. एक मोठा हौद असतो, त्याला पुढे आणि मागे अशी दोन दारे असतात. होडी खालच्या दाराने हौदात येते. दार बंद होते. मग वरच्या बाजूचे पाणी हळूहळू हौदात सोडतात. पाण्याबरोबर होडीही वर उचलली जाते. हौदातील पाणी वरच्या कालव्याइतके झाले, की पुढचे दार उघडते आणि होडी पुढे निघते. उतरताना हेच उलट्या क्रमाने करतात. यासाठी इंजिन लागत नाही. पाण्याचे वजनच सारे काम करते.

त्या काळी बोटींना इंजिन नव्हते. काठावरून घोडा चाले आणि दोराने बोट ओढी. घोड्याला चालण्यासाठी कालव्याच्या कडेने पायवाट केलेली असे. हॉलंडमध्ये १६३२ मध्ये ॲमस्टरडॅम आणि हार्लेम या शहरांमध्ये अशी घोड्याने ओढायची प्रवासी बोट सुरू झाली. ती ठरलेल्या वेळेला सुटत असे. पुढे इंजिने आली, रेल्वे आली, मोटारी आल्या. घोडे गेले, पण वाट राहिली. सपाट, शांत, झाडांच्या सावलीची वाट! तिच्यावर सायकलस्वार येऊ लागले. तुम्ही चित्रात पाहिलेली पायवाट ही अशी घोड्यांची वाट आहे.

आपल्या गोदावरीत बोट का चालत नाही?

आता आपण आपल्या नदीकडे वळू. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. एवढी मोठी नदी दाराशी असताना आपण बोटीने गावोगावी का जात नाही?

पहिले कारण उतार. ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आहे आणि नाशिक शहर सुमारे ६०० मीटरवर आहे. दोहोंमधील अंतर जेमतेम ३० किलोमीटर. एवढ्या थोड्या अंतरात नदी किती खाली येते पाहा! पात्रात काळ्या खडकाच्या पायऱ्या आहेत. सोमेश्वरजवळचा दूधसागर धबधबा तुम्ही पाहिला असेल. तिथे कोणती होडी टिकेल? हॉलंडची गोष्ट याच्या उलट आहे. त्या देशाचा जवळजवळ एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे. सारी जमीन ताटासारखी सपाट.

दुसरे कारण पाऊस. युरोपच्या त्या भागात बाराही महिने थोडा थोडा पाऊस पडतो. ऱ्हाईनसारख्या नदीला आल्प्स पर्वताच्या बर्फाचेही पाणी मिळते. आपला पाऊस मात्र जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यामुळे गोदावरी पावसाळ्यात रौद्र रूप धारण करते आणि उन्हाळ्यात रोडावते. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचे पाणी सायखेडा आणि चांदोरी या गावांत शिरले होते. त्याच गावांतील लोक उन्हाळ्यात नदीचे उघडे पडलेले खडक पाहतात.

तिसरे कारण कालव्यांचा हेतू. आपल्याकडे कालवे आहेत. पण ते माल वाहण्यासाठी नव्हे, शेतीला पाणी देण्यासाठी खोदले. त्यांत वर्षभर पाणी नसते. ठरावीक दिवशी पाणी सोडतात, त्याला शेतकरी 'आवर्तन' म्हणतात. आवर्तन संपले की पाट कोरडा पडतो. कोरड्या पाटात होडी कशी चालणार?

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे आहे: आपली जमीन निराळी आणि आपला पाऊस निराळा. पण हे झाले फक्त होडीबद्दल. सायकलचे काय? तिचे उत्तर पुढे येईल. त्याआधी आपण सायकलवर बसून नदीकाठाने थोडे फिरून येऊ.

गंगापूर ते नांदूर मध्यमेश्वर

हिवाळ्यातील एखादी सकाळ निवडा. नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर धरण आहे. ते १९६५ मध्ये पूर्ण झाले. हे धरण मातीचे आहे आणि त्याची लांबी जवळजवळ चार किलोमीटर आहे. तुमच्या घरातील नळाला येणारे पाणी बहुतेक इथलेच असते. नदीत होडी चालत नसली, तरी धरणाच्या शांत जलाशयात ती चालते. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने बोट क्लब उभा केला आहे. मी एका रविवारी काही मुलांना घेऊन सायकलने तिकडे गेलो होतो. वाटेत एका मुलाची सायकल पंक्चर झाली. पंक्चर काढेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. शेजारच्या द्राक्षबागेतील माणसाने आम्हांला बोलावले, पाणी दिले आणि वेलीची छाटणी कशी करतात ते दाखवले. मोटारीने गेलो असतो तर ही ओळख झाली असती का? सायकल ताशी १२ ते १५ किलोमीटर चालते. हा वेग असा आहे, की माणसाला सलाम करता येतो आणि त्याचे उत्तरही ऐकू येते.

आता नदीबरोबर पूर्वेकडे चला. शहर मागे पडले की निफाड तालुका लागतो. द्राक्षे, कांदा, ऊस. नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. तेथे नांदूर मध्यमेश्वर येथे १९०७ ते १९११ या काळात दगडी बंधारा बांधला गेला. त्यातून निघालेले डावा आणि उजवा असे दोन कालवे येवला, कोपरगाव, राहाता अशा तालुक्यांकडे पाणी नेतात. कालव्याच्या काठाने सेवा रस्ता असतो. पाणी आपोआप वाहावे म्हणून कालव्याला अगदी थोडा उतार ठेवतात. त्यामुळे हा मातीचा रस्ताही सपाट असतो. युरोपातील घोड्यांच्या वाटेचा हा आपल्याकडचा भाऊच म्हणा!

बंधाऱ्यामागे शंभर वर्षांत गाळ साठला. गाळाची बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या, मासे आले आणि माशांमागून पक्षी आले. १९८६ मध्ये हे पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. इराणमधील रामसर या शहरात १९७१ मध्ये पाणथळ जागांच्या रक्षणाचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या कराराच्या यादीत महाराष्ट्रातून सर्वप्रथम नांदूर मध्यमेश्वरचे नाव आले. ही बातमी जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली.

चापडगावजवळच्या निरीक्षण मनोऱ्यावरून पाहिले, तर थंडीत चक्रवाक दिसतात. मराठीतील चक्रवाक म्हणजेच उर्दूतील सुर्खाब! "त्याला काय सुर्खाबचे पर लागले आहेत?" असे तुम्ही घरी ऐकले असेल. तो पक्षी हाच. तो मध्य आशियातून पर्वत ओलांडून येतो आणि आपल्या जिल्ह्यात हिवाळा काढतो. मोटारीचा आवाज ऐकला की पक्षी उडतात. सायकल मात्र गुपचूप जाते.

सायकल होडीत चढवायची असेल तर

महाराष्ट्रात सायकल आणि बोट यांचा एकत्र प्रवास करता येतो का? होय, कोकणात. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळतात, तिथे रुंद खाड्या तयार होतात. खाडीला वळसा घालून जायचे तर लांबचा फेरा पडतो. म्हणून तेथे फेरीबोटी आहेत. आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटींतून माणसे, मोटारी आणि सायकली पलीकडे जातात. किनाऱ्याने सायकलप्रवास करणारे लोक एकामागून एक खाड्या अशाच ओलांडतात.

या प्रवासात तुम्हांला भाषेचीही गंमत अनुभवता येईल. उर्दूत दरिया म्हणजे नदी; मराठीत दर्या म्हणजे समुद्र. फारसीतील नाखुदा कोकणात नाखवा झाला. अरबीतील सुक्कान मराठीत सुकाणू झाले. किनारा आणि बंदर हे शब्द तर दोन्ही भाषांत तसेच राहिले. बोटींबरोबर केवळ माल आणि माणसे आली नाहीत, शब्दही आले.

आपल्या जिल्ह्याची मुले

कोणी म्हणेल, नाशिककरांचा पाण्याशी आणि सायकलीशी काय संबंध? चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. हा भाग कमी पावसाचा. त्या गावातील दत्तू भोकनळ हा तरुण वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करीत असे. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्यात नौकानयन शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने एकेरी नौकानयनात तेरावा क्रमांक मिळवला. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्णपदक जिंकले. ज्या गावात पाण्यासाठी खोल खोदावे लागते, त्या गावातून हा नावाडी आला.

सायकलीचे उदाहरणही ऐका. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र महाजन आणि डॉक्टर महेंद्र महाजन हे दोघे भाऊ. त्यांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचे सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर त्यांनी आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत कापले.

उरलेले अर्धे उत्तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येऊ. सपाट जमीन हॉलंडला निसर्गाने दिली. पण सुरक्षित सायकलमार्ग निसर्गाने दिले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मोटारी भराभर वाढल्या. रस्ते मोटारींसाठी रुंद झाले आणि सायकलींना जागा उरली नाही. १९७१ या एका वर्षात हॉलंडमध्ये रस्त्यावरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मरण पावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. एका पत्रकाराची लहान मुलगी सायकलने शाळेत जाताना अपघातात गेली. त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. आईवडील रस्त्यावर आले. "मुलांची हत्या थांबवा" हे त्यांच्या चळवळीचे नावच होते. मुलेही मोर्चात आली. १९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली, तेव्हा काही रविवारी मोटारी चालवण्यास बंदी होती. मोकळ्या रस्त्यांवर लोकांनी पुन्हा सायकली काढल्या आणि आपण काय गमावले ते त्यांना दिसले. हळूहळू सरकारने वेगळे सायकलमार्ग बांधले. आज त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत.

म्हणजे उत्तराचा दुसरा भाग असा: असे रस्ते मागावे लागतात. ते मागितले तर मिळतात, पण एका दिवसात मिळत नाहीत.

त्या तासाला आम्ही पुस्तक बाजूला ठेवले. आमच्या अभ्यासक्रमात पत्रलेखन आहेच. सगळ्या वर्गाने मिळून मराठीत एक अर्ज लिहिला: शाळेच्या वेळेत मोठ्या वाहनांचा वेग कमी व्हावा आणि सायकलींसाठी रस्त्याची एक कड राखून ठेवावी. पहिली ओळ त्या मुलीने लिहिली. अर्ज पाठवून दिला आहे. आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत आणि दुसऱ्या अर्जाचा मसुदाही तयार ठेवला आहे.

तोपर्यंत तुम्ही काय कराल? एकटे जाऊ नका. घरी सांगून आणि मोठ्या माणसाबरोबर जा. हमरस्ता टाळा. सायकलीचे ब्रेक तपासा आणि डोक्यावर हेल्मेट घाला. बोटीत बसताना जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसू नका. धरणात, कालव्यात किंवा पाटात पोहायला उतरू नका. वरून शांत दिसणारे पाणी आतून ओढते.

आणि एक काम करा. तुमच्या घरापासून सर्वांत जवळचे वाहते पाणी कोणते, ते शोधा. नदी असेल, नाला असेल किंवा पाट असेल. ते कोठून येते आणि कोठे जाते, याचा नकाशा स्वतः काढा. जेथे रस्ता सायकलीला सुरक्षित आहे तेथे हिरवी रेघ ओढा, जेथे नाही तेथे लाल. नकाशा वर्गात आणा. लाल रेघा पाहिल्या म्हणजे पुढचा अर्ज कशाबद्दल लिहायचा, हे तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही.